फुलावर भाळून घेतलेली रोपे



मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, की भिलाईच्या सेक्टरांतील गल्ल्यांतून रोपांच्या हातगाड्या फिरू लागतात. गाडीच्या पुढच्या बाजूस फुललेले गुलाब मांडलेले असतात, त्यांच्या मागे जास्वंद आणि मोगरा, कडेला रंगीत पानांचे क्रोटन आणि सर्वांत मागे, फूल नसलेली, काळ्या पिशव्यांतील आंबा-पेरूची कलमे. ही मांडणी सहज झालेली नसते. विक्रेत्याला पक्के ठाऊक असते, की गिऱ्हाईक रोप घेत नाही, फूल घेते. भाजीसाठी बाहेर आलेली गृहिणी आणि रात्रपाळी आटोपून घरी परतणारा तिचा यजमान या दोघांत क्षणभर विचारविनिमय होतो, भावात थोडी घासाघीस होते आणि चार रोपे फाटकातून आत येतात. रोप विकत घेण्यास पाच मिनिटे पुरतात. ते कोठे लावावयाचे, या प्रश्नाचा विचार त्यानंतर सुरू होतो.

या खरेदीला मोह म्हणावयाचे, की हौस म्हणावयाचे, याबद्दल मतभेद होऊ शकेल. परंतु इतर मोहांपेक्षा हा मोह एका बाबतीत निराळा आहे, यात शंका नाही. मोहाने घेतलेली साडी कपाटात पडून राहते, मोहाने घेतलेले भांडे माळ्यावर जाते, आणि दोन्ही वस्तू तेथे होत्या तशाच राहतात. रोप मात्र तसेच राहत नाही. ते वाढते किंवा मरते, आणि दोन्ही प्रकारांत घरच्या माणसांना काही ना काही करावेच लागते.

हा छंद काही आजचा नव्हे. १८२० साली विल्यम केरी यांनी कलकत्त्यात कृषी व उद्यानविद्या संस्था स्थापन केली, तेव्हापासून परदेशी रोपे आणि बिया मागविणे हा या देशातील सुखवस्तू वर्गाचा एक व्यवसायच होऊन बसला. १८३० नंतरच्या दशकांत लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टराने तयार केलेली काचेची बंद पेटी प्रचारात आली आणि महिनोन्‌महिन्यांच्या सागरी प्रवासात रोपे जिवंत राहू लागली. त्यापूर्वी जहाजाच्या उघड्या डेकवर ठेवलेली बहुतेक रोपे खाऱ्या वाऱ्याने मरत असत. वॉर्डच्या पेटीने चहाची रोपे चीनमधून हिमालयाच्या पायथ्याशी आणली, हे सर्वश्रुत आहे. त्याच सोयीमुळे पृथ्वीच्या एका टोकाचे फूल दुसऱ्या टोकाच्या अंगणात, त्याचा स्वभाव कोणालाही ठाऊक नसताना, येऊन पोचू लागले, याकडे मात्र तितकेसे लक्ष दिले जात नाही.

भिलाईत या हौसेला विशेष वाव मिळाला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पोलाद कारखान्याबरोबरच आखीव सेक्टरांची वसाहतही उभी राहिली. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. अनेक क्वार्टरांच्या पुढेमागे थोडी मोकळी जागा होती. चाळीत किंवा वाड्यात वाढलेल्या माणसाच्या हाती आयुष्यात प्रथमच जमिनीचा तुकडा आला, आणि त्यात त्याने आपापले गाव लावले. केरळचा मनुष्य नारळ लावी, आंध्रचा कढीलिंब, बंगालचा गंधराज. नागपूर-वर्ध्याकडून आलेली मराठी कुटुंबे सुटीवरून परतताना आगगाडीच्या बाकाखाली संत्र्याचे कलम ठेवून दुर्गला उतरत. ही खरेदीदेखील बहुधा गाडीच्या वेळेआधी घाईघाईनेच झालेली असे.

आता भूमीचा विचार करू जाता असे दिसते, की छत्तीसगढच्या मैदानातील शेतकरी मातीच्या चार जाती मानतो. कन्हार म्हणजे काळी, चिकण, ओल धरणारी. मटासी म्हणजे पिवळसर, हलकी. डोरसा या दोहोंच्या मधली. आणि भाठा म्हणजे मुरमाड, तांबडी, पाणी न धरणारी उंचवट्यावरील जमीन. धान कोणत्या मातीत पेरावे आणि कोणती जमीन गुरांच्या चराईला सोडावी, हे शेतकरी तिच्यावरून ठरवितो. क्वार्टरच्या अंगणात मात्र यांपैकी कोणतीच माती निखळ स्वरूपात सापडत नाही. तेथे पायाच्या खोदाईतून वर आलेला मुरूम, विटांचे तुकडे आणि चुन्या-सिमेंटचा चुरा यांचे मिश्रण असते. वर्षाकाठी सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. मैदानी उन्हाळ्याचा अनुभव नसलेल्या रोपाला ही परीक्षा फारच कठीण जाते.

आणि हातगाडीवरील पुष्कळशी रोपे तशीच असतात. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ कडियम नावाचे गाव आहे. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील या गावी आणि आसपास शेकडो रोपवाटिका असून तेथून ट्रक भरभरून रोपे देशभर जातात. दमट हवा, गाळाची चिकण माती आणि मुबलक पाणी यांत वाढलेले रोप एके दिवशी ट्रकमध्ये चढते आणि काही दिवसांनी कोरड्या प्रदेशातील एखाद्या गल्लीत उतरते. त्याच्या मुळांभोवती त्याच्या मूळ गावच्या चिकणमातीचा गोळा असतो. तो गोळा तसाच भाठ्याच्या खड्ड्यात ठेवला, तर एक विलक्षण गोष्ट घडते. भोवतालच्या मुरमातून पाणी भराभर निघून जाते, गोळा वरून वाळतो, आवळतो आणि विटेसारखा कठीण होतो. घरचा माणूस रोज झारीने पाणी घालतो, खड्डा ओला दिसतो आणि मुळे मात्र तहानलेलीच राहतात. पाने गळू लागली, की पाणी कमी पडले असे समजून अधिक पाणी घातले जाते. मग भोवताली चिखल होतो आणि जी थोडी नवी मुळे बाहेर आलेली असतात, ती कुजतात. रोप मेले, की दोष हाताला दिला जातो. ‘माझ्या हाताला झाड लागत नाही’ हे वाक्य ज्या घरी ऐकू येते, तेथे बहुधा हात निर्दोष असतो आणि गोळा अपराधी असतो.

यावरचा उपाय सोपा आहे, पण त्याला धीर लागतो. आणलेले रोप आठदहा दिवस पिशवीसकट सावलीत ठेवावे. या काळात पानांची मागची बाजू आणि खोडाचे खाचखळगे पाहावेत. तेथे कापसासारखे पांढरे ठिपके असले, तर ते पिठ्या ढेकणांचे असतात, आणि असे रोप इतर कुंड्यांजवळ ठेवणे म्हणजे घरभर रोग वाटणे होय. ओल्या फडक्याने ते पुसून काढावेत, कडुलिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारावे. फुले आणि कळ्या खुडून टाकाव्यात. ज्या फुलासाठी पैसे मोजले तेच खुडावयाचे, हे कोणालाही जड जाते. परंतु नवी मुळे फुटण्यासाठी जी शक्ती हवी, ती फूल खाऊन टाकते. लावण्यापूर्वी मुळांचा गोळा बादलीभर पाण्यात बुडवून भिजवावा, बाहेरचा थर बोटांनी हलकेच मोकळा करावा आणि खड्ड्यातील मातीत शेणखत व पालापाचोळ्याचे खत भरपूर मिसळावे. अर्थात ज्याने गाडी पाहताच चार रोपे घेतली, तो आठ दिवस थांबेल, अशी आशा करणे थोडे धाडसाचेच आहे.

मोहाचा दुसरा हंगाम थंडीच्या अखेरीस येतो. १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून उभारलेल्या मैत्री बागेत पुष्पप्रदर्शने भरत आली आहेत. थाळीएवढे डेलिया आणि चेंडूसारख्या शेवंत्या पाहून आलेला प्रेक्षक दुसऱ्याच दिवशी तसल्याच फुललेल्या कुंड्या शोधू लागतो. बक्षिसाच्या त्या कुंडीमागे पावसाळ्यापासूनचे काम असते: कलमे लावणे, शेंडे खुडणे, आधाराच्या काठ्या, खताच्या ठरावीक मात्रा. विकत आणलेली कुंडी या सर्व खटाटोपाच्या शेवटच्या पंधरवड्यात घरी येते आणि मार्चच्या उन्हात वाळते. यात फसवणूक कोणाचीच नाही. हंगामी फूल आपला हंगाम संपवून जाते, एवढेच. ज्यांना डेलिया खरोखर हवा आहे, त्यांनी प्रदर्शनात फूल पाहावे, त्याचे नाव टिपून घ्यावे आणि खरेदी पुढील पावसाळ्याअखेर करावी.

कलमांच्या बाबतीत मात्र परिणाम इतक्या लवकर कळत नाहीत. बाजारातील गुलाबाचे रोप म्हणजे वस्तुतः दोन झाडे असतात. खाली रानटी, काटक गुलाबाचा खुंट. त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरलेला. घाईत घेतलेल्या आणि नंतर दुर्लक्षिलेल्या रोपात पहिल्या उन्हाळ्यात वरचा नाजूक भाग मरतो. पावसाळा येताच खालचा खुंट जोमाने फुटतो. लांब, लवचिक, तजेलदार फांद्या निघतात आणि घरात आनंदीआनंद होतो, की गुलाब वाचला! त्याला खत मिळते, पाणी मिळते, शेजाऱ्यांना तो दाखविला जातो. वर्ष जाते, दोन वर्षे जातात, काळपट तांबड्या फुलाची वाट पाहिली जाते आणि एके दिवशी लहान, साध्या, फिक्या फुलांचा झुबका येतो किंवा काहीच येत नाही. सात पर्णिकांचे पान दिसले, की ती फांदी रानटी समजावी, असा एक समज आहे. तो पूर्णपणे विश्वासार्ह नाही, कारण काही बागाईत जातींनाही सात पर्णिका असतात. खरी खूण डोळ्याच्या जागेची. खोडावर जेथे गाठीसारखा फुगवटा असतो, त्याच्या खालून निघालेली प्रत्येक फांदी खुंटाची असते. माती उकरून ती मुळाशी धरावी आणि ओढून काढावी. नुसती कापल्यास ती दुप्पट जोमाने येते.

आगगाडीच्या बाकाखालून आलेल्या संत्र्याचीही हीच कथा आहे. नागपुरी संत्र्याचा डोळा सामान्यतः जंबेरीच्या खुंटावर भरलेला असतो. विदर्भातील बागाईतदार झाडाला ठरावीक काळ पाण्याचा ताण देतो आणि मग आंबिया किंवा मृग बहार धरतो; पाण्याचा निचरा होणारी, बेताच्या खोलीची काळी जमीन त्याच्यापाशी असते. क्वार्टरच्या मागल्या अंगणात, न्हाणीघराच्या सांडपाण्याशेजारी लावलेल्या कलमाला ताण कधी मिळतच नाही. सतत ओल राहून खोडाशी डिंक येतो आणि डोळ्यावरचा भाग एका बाजूने सुकत जातो. मग जंबेरी डोके वर काढते. झाड डेरेदार होते, काटे मोठे होतात आणि पिवळी, खडबडीत सालीची, आंबट फळे लागतात. ‘भिलाईची हवा संत्र्याला मानवत नाही, फळ आंबट होते’ असा निष्कर्ष मग काढला जातो. हवेचा दोष असेलही, पण ते फळ मुळी संत्र्याचे नसतेच.

लहान अंगणातील मोठ्या झाडांविषयी थोडक्यातच सांगता येईल, कारण चूक उघड असते. गुलमोहराचे गुडघ्याएवढे रोप पाहून त्याचा चाळीस फुटी विस्तार डोळ्यांपुढे येत नाही. शोभेचा फायकस सांडपाण्याच्या नळातील ओल शोधत जातो. सातवीण शरद ऋतूत फुलते, तेव्हा संध्याकाळच्या उग्र वासाने खिडक्या लावून घ्याव्या लागतात. जे एका घराचे, तेच शासनाचेही होते: झपाट्याने हिरवेगार होणारे झाड म्हणून ठिकठिकाणी लावलेल्या कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरात शासनाने २०२३ साली बंदी घातली. हाती असलेले चुकीचे झाड लहान असतानाच हलविणे सर्वांत श्रेयस्कर. पावसाळ्याच्या तोंडी, बुंध्याभोवती गोल खणून, मातीच्या गड्ड्यासह ते उचलता येते. पण येथे एक निराळीच अडचण उभी राहते. झाड उपटणे म्हणजे जीव घेणे, ही भावना या देशात खोल रुजलेली आहे आणि तिची थट्टा करणे योग्य नव्हे. भिंतीच्या भेगेतील पिंपळ उपटण्यास गवंडीही कचरतो. त्यामुळे नको असलेले झाड ना नीट वाढविले जाते, ना काढले जाते. त्याला पाणी देण्याचे विसरले जाते, एवढेच. ही दया नव्हे. मोकळे मैदान, शाळेचे आवार किंवा गावाकडचे शेत असलेल्या कोणाला तरी ते झाड देऊन टाकणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

आता पाण्याचा प्रश्न. भिलाईचे पाणी दूरवरून येते. तांदुळा आणि महानदीवरील गंगरेल या जलाशयांचे पाणी कालव्यांनी आणून मरोदा येथील तलावात साठविले जाते आणि कारखाना व वसाहत या दोहोंची तहान त्यावर भागते. एप्रिल-मेमध्ये एका मोठ्या कुंडीला दिवसातून दोनदा पाणी लागते. पाचदहा कुंड्या असतात तोवर ते कोणाच्या ध्यानात येत नाही; दरवर्षीच्या हौसेने त्या साठ झाल्या, की बादल्या मोजाव्या लागतात, आणि त्या मोजण्याचे काम ज्याने रोपे घेतली त्याच्याकडे क्वचितच असते. यजमान पाळीवर गेलेले, मुले शाळेत. बादल्या गृहिणीच्या हाती येतात. यावर सुचविला जाणारा उपाय म्हणजे कुंडीखाली पसरट ताटली ठेवून ती पाण्याने भरून ठेवणे. हा उपाय घातक आहे.

२०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची भीषण साथ आली. अनेकांचे प्राण गेले आणि त्यांत मुलेही होती. त्या साथीचा दोष कुंड्यांवर टाकता येणार नाही. कूलर, टाक्या, टाकाऊ टायर, तुंबलेली गटारे ही सगळी ठिकाणे होतीच. परंतु डेंग्यू पसरविणारा एडिस जातीचा डास स्वच्छ, थोड्या, साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि कुंडीखालची ताटली, मनीप्लँटची बाटली, पाण्यात ठेवलेला ‘लकी बांबू’ ही त्याची आवडती स्थळे होत. २००१ साली चीनहून जहाजाने कॅलिफोर्नियात गेलेल्या अशाच ‘लकी बांबू’च्या पाण्यातून याच जातीचा आशियाई डास तेथे पोचल्याचे आढळले होते. हा डास पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या कडेला अंडी घालतो. ती अंडी कोरड्या स्थितीत महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठदहा दिवस पुरतात. म्हणून ताटलीतील पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा तिची कड काथ्याने किंवा ब्रशने घासलीच पाहिजे. ज्या घरी साठ कुंड्या आहेत आणि साठ ताटल्या घासण्यास कोणी नाही, त्या घरी ताटल्या काढून टाकाव्यात. कुंडीतील मातीवर भाताचा कोंडा किंवा सुका पाला यांचे दोन बोटे जाडीचे आच्छादन घातले, तर ताटलीचे काम बरेचसे होते. आणि त्यानेही भागले नाही, तर कुंड्याच कमी कराव्यात.

नको झालेली रोपे जातात कोठे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. छत्तीसगढ हा तळ्यांचा प्रदेश आहे. गाव तेथे तळे. कुंडीत किंवा हौदात हौसेने ठेवलेली जलपर्णी वाढून वाढून नकोशी झाली, की ती तळ्यात किंवा नाल्यात टाकली जाते. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांसाठीच जगभर नेली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि काही दशकांत तेथील नद्या-नाले इतके भरून गेले, की १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. कोणत्याही जाणत्या माणसाने ती मुद्दाम पसरविली नाही. प्रत्येकाने एकेक मूठ टाकली. विदर्भात आणि छत्तीसगढमध्ये ‘बेशरम’ या नावाने ओळखले जाणारे, जांभळट गुलाबी कर्ण्यांसारख्या फुलांचे झुडूप असेच शोभेसाठी आणि कुंपणासाठी लावले गेले. त्याची पाने विषारी असल्याने गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, आणि तोडून फेकलेल्या फांदीलाही मुळे फुटतात. नाव लोकांनी दिले आहे, आणि ते अगदी योग्य आहे. घाणेरी तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, भारतात वाघांचा वावर असलेल्या राज्यांतील वनक्षेत्रापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्रात ती पसरली आहे. तेव्हा अंगणातून काढलेली जलपर्णी, बेशरम किंवा घाणेरी पाण्यात किंवा माळावर न टाकता उन्हात पूर्ण वाळवावी आणि मगच खड्ड्यात पुरावी किंवा जाळावी. जलपर्णीचे खत चांगले होते, मात्र ती फुलून बी धरण्यापूर्वी काढलेली असावी.

वसाहतीतील बागेला आणखी एक मर्यादा आहे. घर कारखान्याचे असते. बदली झाली किंवा निवृत्तीचा दिवस आला, की सामान ट्रकमध्ये चढते. कुंड्यांपैकी काही शेजारी वाटून घेतात, काही गावी जातात. जमिनीत लावलेले झाड मात्र जागचे हलत नाही. जाणारी कुटुंबे मग मोगऱ्याच्या, जास्वंदीच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या कापून ओल्या गोणपाटात गुंडाळतात. पावसाळा असेल, तर त्यांतील निम्म्याअधिक जगतात. मे महिना असेल, तर नागपूर येण्यापूर्वीच पाने मान टाकतात. रिकाम्या क्वार्टरमध्ये नवे बिऱ्हाड येते. त्यांना मागल्या अंगणातील काटेरी झाडाचे नाव ठाऊक नसते. ते कोणी, कोठून आणि किती आशेने आणले होते, हेही ठाऊक नसते. थंडीत ते पिवळ्या फळांनी लगडते. फळ आंबट निघते, तेव्हा ते सरबताला आणि लोणच्याला घेतले जाते, शेजारीपाजारी वाटले जाते. आणि मृगाच्या सरींनंतर गल्लीत हातगाडी येते, तेव्हा फाटकाशी नवी माणसे उभी असतात.